विक्रोळीतला ४१२ फुटांचा वन बीएचके: राहून आणि मोजून लिहिलेला रिव्ह्यू

घर आवडलं. किंमत पटली नाही, तरी दिली. आणि "एवढ्या उंच टॉवरमध्ये केवढी ती गर्दी!" असं आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, ते मला मुळीच मान्य नाही. किंमत, घराचा आकार आणि गर्दी या तिन्हींचं एकमेकींशी काय नातं आहे ते ब्रोशरमध्ये कुठेच नसतं. विक्रोळी, घाटकोपर, चेंबूर या पट्ट्यात म्हाडाच्या जुन्या वसाहतींच्या जागी टॉवर उभे राहतायत आणि त्यात वन बीएचके शोधणारे खूप जण आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा धंदा फर्निचरचा. सुतार, पॉलिशवाले, अ‍ॅल्युमिनियमवाले घेऊन मी घरांची कामं करते. टेप कायम पर्समध्ये. ताबा मिळाल्यावर लोक पूजा घालायच्या आधी मला माप घ्यायला बोलावतात, त्यामुळे नव्या इमारतींमधली रिकामी घरं मी त्यांच्या मालकांपेक्षा जास्त बघितली आहेत. हे घर मात्र माझं स्वतःचं.

कन्नमवार नगर, विक्रोळी पूर्व. म्हाडाच्या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या दोन इमारती होत्या, प्रत्येकीत ३२ बिऱ्हाडं. त्या पाडून २३ मजल्यांचा एक टॉवर झाला, मजल्यावर सहा घरं. म्हणजे १३८. त्यातली ६४ जुन्या रहिवाशांची, उरलेली आम्हा सेलवाल्यांची, म्हणजे बाहेरून येऊन विकत घेणाऱ्यांची. बिल्डरचं नाव देत नाही, कारण मी लिहिणार आहे ते या भागातल्या बहुतेक टॉवरना लागू पडतं.

करारनाम्यात रेरा कार्पेट, म्हणजे रेरा कायद्याप्रमाणे मोजलेली घराच्या आतली जागा, ४१२ चौरस फूट. दर फुटाला २७,०००. मूळ किंमत झाली १ कोटी ११ लाख २४ हजार. काम चालू असताना घेतलं म्हणून वर ५ टक्के जीएसटी. मुद्रांक शुल्क मुंबईत ६ टक्के, पण घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सूट मिळते, ती मी घेतली. नोंदणीचे ३० हजार. सोसायटीचं, मीटरचं, वकिलाचं धरून सव्वा कोटीला टेकलं.

आता माप. हॉल १० बाय १५, किचन ७ बाय ९, बेडरूम १० बाय ११. बाथरूम आणि संडास मिळून ४० फूट, मधला पॅसेज २१. बेरीज ३८४. रेराच्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. आतल्या भिंतींचे २० फूट मिळवले तर ४०४ होतात. ८ फूट कुठे गेले असं मी विचारलं, तर उत्तर आलं की करारात ३ टक्क्यांपर्यंतची तफावत चालते. खरंय, नमुना करारनाम्यात तसं कलम आहे. पण २७ हजारांच्या दराने ८ फूट म्हणजे २ लाख १६ हजार. एवढ्यात माझं अख्खं किचन उभं राहिलं असतं. ताबा घेताना टेप घेऊन जा आणि प्लास्टर झालेल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा.

बेडरूमबद्दल जरा थांबून सांगते, कारण या आकाराच्या घराची खरी परीक्षा तिथे होते. १० फुटांच्या भिंतीला दोन फूट खोलीचं कपाट लावलं की उरतात १० बाय ९. त्यात पाच फुटी पलंग बसतो. सहा फुटी बसवायचा तर एका अंगाने भिंतीला चिकटवावा लागतो आणि आतल्या माणसाला रात्री उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून यावं लागतं. नकाशात मात्र सहा फुटी पलंग दोन्ही बाजूंना टेबलांसकट काढलेला असतो. शिवाय आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात नऊ इंचांचा कॉलम आत आलाय. कार्पेटमध्ये तो नगण्य, कपाटात मात्र एक पूर्ण खण घालवतो. टॉवर मायवान पद्धतीचा आहे, म्हणजे सगळ्या भिंती काँक्रीटच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या. पाणी झिरपत नाही, कोपरे काटकोनात येतात, आमच्या मिस्त्रींना हे फार आवडतं. पण एक भिंत इंचभरही हलवता येत नाही. जुन्या विटांच्या घरात किचनची भिंत सहा इंच सरकवून फ्रिज बसवता यायचा. इथे फ्रिज पॅसेजमध्ये आलाय.

दुसरी गोष्ट उंचीची. गिरगावात आमची चाळीतली खोली १८० फुटांची होती, पण उंची बारा फूट. अर्ध्या खोलीवर पोटमाळा. मुलं वर झोपायची, गाद्या-ट्रंका वर. इथे उंची सव्वानऊ फूट. पोटमाळा विसरा, फार तर बाथरूमवर एक लॉफ्ट. छोट्या घरात सामान जातं ते वरच्या तीन फुटांत, आणि नेमके तेच तीन फूट नव्या घरातून गेलेत. मग त्यांची भरपाई करायला लोक माझ्याकडे येतात: हायड्रॉलिक बेड, भिंतीत मिटणारं टेबल, खालचा खण बाहेर ओढायचा दिवाण. सहा-सात लाखांचं फर्निचर करून चाळीसेक फूट जागा मोकळी होते. विकत घ्यायला गेलं तर ४० फुटांचे १० लाख ८० हजार. म्हणून माझा धंदा चालतो.

हा असा आकार येतो कुठून? लोकांच्या हप्त्यातून येतो, हे मी खात्रीने सांगते. सेल्स ऑफिसमध्ये पहिला प्रश्न "कुटुंबात किती जण?" हा नसतो, "बजेट किती?" हा असतो. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचं कर्ज काढलं तर लाखाला महिना ८६८ रुपये बसतात. ८० लाखांना ६९,४००. नवरा-बायको दोघं कमावणारी असली तरी या भागातल्या माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांची उडी याच्या आसपास संपते. म्हणजे आकडा ठरलेला आहे. फुटाचा दर वाढला की बाकी काही बदलत नाही, फूट कमी होतात. मुलुंडला नव्वदच्या दशकातल्या इमारतींत मी कामं केली आहेत, तिथले वन बीएचके ४८०-५०० फुटांचे. आता ३८० ते ४१०. त्याच्या खाली 'स्टुडिओ' नावाने २८० फुटांचं घर सुरू झालंय, आणि तेही विकलं जातं.

मग फुटाचा दर एवढा का? बिजागरी, प्लाय, टाइल्स, सिमेंट, सळई हे सगळं बदलापूरला आणि विक्रोळीला जवळजवळ एकाच भावाने येतं. मिस्त्रीची मजुरी थोडी इकडे-तिकडे. उंच टॉवरला पाया, लिफ्ट, आगीची यंत्रणा यांचा खर्च जास्त, तो धरला तरी बांधकामाचा खर्च काही तिप्पट होत नाही. दर मात्र तिप्पट होतो. मधली रक्कम जाते जमिनीला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या जमिनीवर मजले चढवायच्या परवानगीला.

ही परवानगी म्हणजे एफएसआय. प्लॉट १,००० चौरस मीटरचा आणि एफएसआय १ असेल तर सगळे मजले मिळून १,००० मीटरच बांधायचे, मग एक मजला करा नाहीतर पाच. १९९१च्या नियमावलीत मुंबईच्या उपनगरांना १ आणि शहर भागाला १.३३ होता. समुद्राने वेढलेलं, जिथे माणसं थांबायचं नाव घेत नाहीत असं शहर, आणि त्यात बांधायला एवढंच. माणसं आलीच. जमिनीवर फरशी वाढली नाही म्हणून त्याच फरशीवर जास्त माणसं झोपली, किंवा झोपडपट्टीत गेली, किंवा डोंबिवली-विरारला गेली. पुढे वाढीव एफएसआय मिळू लागला, पण प्रीमियम म्हणजे सरकारी शुल्क भरून, किंवा टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क विकत घेऊन. २०१२ मध्ये फंजिबल नावाचा वाढीव एफएसआय आला, ३५ टक्क्यांचा, तोही विक्रीच्या भागासाठी पैसे मोजून. (त्याआधी फ्लॉवर बेड, निश (कोनाडा) असल्या नावांनी फुकटची जागा दाखवून नंतर ती खोलीत घ्यायची पद्धत होती. जुन्या टॉवरांमध्ये खिडकीखाली दीड फुटाचा ओटा दिसला तर तो फ्लॉवर बेड.) २०१८ पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीत म्हाडा वसाहतींच्या पुनर्विकासाला ३ एफएसआय मिळतो आणि जुन्या रहिवाशाला किमान ३५ चौरस मीटर कार्पेट द्यावं लागतं.

म्हणजे माझ्या सव्वा कोटीत काय काय आहे बघा. माझं घर. शिवाय ६४ जुन्या कुटुंबांना फुकट मिळालेल्या घरांचा वाटा, ती तीन वर्षं बाहेर राहिली त्याचं भाडं, त्यांचा कॉर्पस (मेंटेनन्स भागवायला दिलेली एकरकमी ठेव), सरकारला आणि पालिकेला गेलेला प्रीमियम, बिल्डरच्या कर्जाचं व्याज आणि त्याचा नफा. जुन्या रहिवाशांना मिळालं याचं मला वाईट वाटत नाही. पन्नास वर्षं २२० फुटांत राहिलेली, गिरण्या-कारखान्यांत राबलेली माणसं आहेत ती. आमच्या मजल्यावरच्या आजींनी मला पहिल्याच आठवड्यात पाण्याच्या वेळा, चांगला भाजीवाला आणि कुठल्या डॉक्टरकडे जायचं नाही हे सगळं सांगून टाकलं. पण त्यांच्या पुनर्वसनाचा खर्च सरकारने नव्हे, तर ७४ सेलवाल्यांनी फुटामागे उचललाय, हे घेणाऱ्याला माहीत हवं. २०२१ मध्ये सरकारने प्रीमियममध्ये ५० टक्के सवलत दिली होती. माझ्या भागातले दर त्याने खाली आलेले मी पाहिले नाहीत, पण प्रकल्प मात्र भराभर सुरू झाले आणि आज त्याचा फायदा दिसतोय. एकाच रस्त्यावर सात-आठ टॉवर विक्रीला आहेत. एकाने मॉड्युलर किचन दिलं की दुसरा मुद्रांक शुल्क स्वतः भरतो. घरं जास्त आली की घेणाऱ्याला घासाघीस करता येते, हे मी रोज बघते. म्हणून "टॉवर नकोत" म्हणणाऱ्यांबरोबर मी नाही.

आता गर्दीकडे येते. प्लॉट तोच. आधी ६४ घरं, आता १३८, दुपटीहून जास्त. पण जुन्या घरांत पाच-सहा माणसं सर्रास होती आणि आता दोन-तीन-चार आहेत, त्यामुळे माणसं दुप्पट झालेली नाहीत. फरशी मात्र कितीतरी पटींनी वाढली. गिरगावच्या खोलीत आम्ही आठ जण होतो, माणशी साडेबावीस फूट. इथे मी, मिस्टर, लेक आणि सासूबाई, माणशी ९६. कुठे गर्दी जास्त? चार मजली चाळीत होती, तेवीस मजली टॉवरमध्ये नाही. इमारतीची उंची आणि माणसांची दाटी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. लेकीचा अभ्यास सुरू असताना दार लावता येतं. आम्हा भावंडांना दहावीचा अभ्यास जिन्यात करावा लागला होता.

बीडीडी चाळींचा हिशेब घातला की हे आणखी स्पष्ट होतं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या या चाळी १९२०च्या दशकात बांधल्या. तळमजला अधिक तीन, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. ८० गुणिले १६० म्हणजे १२,८०० फूट. आता पुनर्विकासात प्रत्येक कुटुंबाला ५०० फुटांचं घर मिळतं. तीच ८० कुटुंबं, पण ४०,००० फूट. एकही नवा माणूस न आणता तिपटीहून जास्त बांधावं लागतं, आणि मध्ये मोकळी जागा ठेवायची तर वर जाण्यावाचून गत्यंतर नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. तिथे चाळीस मजली इमारती बघून "केवढी दाटी" म्हणणाऱ्याने जुन्या चाळीच्या एका खोलीत रात्री किती अंथरुणं पडायची ते विचारावं.

आणि जनगणनेत हेच मोठ्या आकड्यांत आहे. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा भाग. २००१ मध्ये तिथे ३३ लाख ३८ हजार माणसं होती, २०११ मध्ये ३० लाख ८५ हजार. अडीच लाख कमी. हीच ती दहा वर्षं, ज्यांत गिरणगावात टॉवर उगवत होते. त्याच काळात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. आमच्या घरानेही त्याच्या जरा आधी तेच केलं होतं. वडिलांनी पागडीची (एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेली) खोली सोडली, घरमालकाचा तिसरा हिस्सा दिला आणि उरलेल्या पैशात डोंबिवलीला दोन खोल्या घेतल्या. आठ माणसं राहायची त्या जागेवर टॉवर झाला की तिथे मोठ्या घरात तीन माणसं राहायला येतात. इमारती वाढल्या, माणसं घटली. घर मोठं आणि महाग झालं की वस्ती विरळ होते, आणि जी माणसं बाहेर पडतात ती रोज सकाळी लोकलने परत येतात. भाऊ अजून डोंबिवलीलाच आहे. माझ्या पैशात तिथे दुप्पट जागा येते. त्याच्या दिवसातले तीन तास मात्र गाडीत जातात. या रिव्ह्यूत मी दोन तारे कापले असते, पण विक्रोळी स्टेशनला दहा मिनिटांत पोचते म्हणून त्यातला अर्धा परत देते.

मग तक्रार कशाबद्दल आहे? दोन इमारतींमधल्या अंतराबद्दल. शेजारच्या प्लॉटवर तसाच टॉवर आला आहे. त्याची खिडकी माझ्या किचनच्या खिडकीपासून वीसेक फुटांवर. पुनर्विकासात बाजूच्या मोकळ्या जागेच्या अटी पैसे भरून सैल करून घेता येतात, आणि सगळे घेतात. मी चौदाव्यावर आहे, सकाळचं ऊन हॉलमध्ये येतं. आमच्याच टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर मी दोन घरांचं फर्निचर केलंय. तेच कार्पेट, तोच नकाशा. तिथे दुपारी बारा वाजता ट्यूब लावून माप घेतलं. पहिल्या पावसाळ्यानंतर वॉर्डरोबच्या मागच्या प्लायला हिरवट-काळी बुरशी आली. मिस्त्रींनी मागची शीट काढून दाखवली, हात लावला की भुकटी हातात येत होती. बाहेरून पाणी येत नव्हतं. हवा हलत नव्हती, एवढंच. माझ्या कपाटामागची प्लाय कोरडी आहे. एकाच इमारतीत, एकाच दाटीत, दहा मजल्यांनी एवढा फरक पडतो.

मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंड आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये हे टोकाला गेलं. पुनर्वसनाच्या त्या वसाहतींत इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. तिथल्या घरांची पाहणी झाली तेव्हा खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन-वारा पोचत नाही, तिथे क्षयाचं प्रमाण जास्त आढळलं. २२५ फुटांचं घर फुकट मिळालं आणि त्याबरोबर खोकला आला. माणसं किती आहेत यापेक्षा दोन भिंतींमध्ये आकाश किती ठेवलंय यावर तब्येत ठरते. हे नियमात बसवणं अवघड नाही, पण प्रत्येक सोसायटी आपापला प्लॉट घेऊन वेगळ्या बिल्डरकडे जाते, आणि प्रत्येक बिल्डर आपल्या कुंपणाच्या आत जास्तीत जास्त बसवतो. पूर्ण वसाहतीचा एकत्र आराखडा केला असता तर याच एफएसआयमध्ये, एवढीच घरं बांधून, मध्ये मोठं मैदान सुटलं असतं. कन्नमवार नगरच्या जुन्या इमारतींमध्ये अशी मैदानं होती. मुलं क्रिकेट खेळायची, गणपती बसायचा, लग्नाचा मांडव पडायचा. आता त्या जागी पोडियम, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरची गच्ची आहे आणि पोडियमवर कृत्रिम गवत.

सोयींचं थोडक्यात. लिफ्ट तीन, त्यातली एक स्ट्रेचरची. सकाळी आठ ते साडेनऊ शाळा-ऑफिसच्या वेळी एक बंद पडली तर वाट बघावी लागते, एरवी नाही. पाणी पालिकेचं, ठरलेल्या वेळी खालच्या टाकीत येतं, उन्हाळ्यात टँकर. बाहेरचा रस्ता तेवढाच आहे जेवढा चार मजली इमारतींसाठी होता, आणि दोन्ही बाजूंना गाड्या. पार्किंग यांत्रिक, आम्ही घेतलं नाही. मेंटेनन्स साडेचार हजार, या आकाराच्या घराला जास्त वाटतो, पण लिफ्ट, पंप आणि आगीची यंत्रणा चालवायची तर त्याहून कमीत भागत नाही. जुन्या रहिवाशांना कॉर्पसचं व्याज संपल्यावर हाच मेंटेनन्स जड जाणार आहे. दोघा-तिघांनी आत्ताच घर भाड्याने देऊन टिटवाळा गाठलंय.

उंच न जाताही दाट वस्ती नीट बसवता येते का? येते, मी बघितली आहे. कांदिवलीच्या चारकोपला. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जावर म्हाडाने तिथे छोटे प्लॉट आखून दिले, २५ चौरस मीटरपासून. मधल्या चौकाभोवती ३५ घरांची एक सोसायटी. रस्ता, पाणी, गटार आधी आणि घर ज्याने-त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. तिथे मी जिन्याखालची कपाटं खूप केली. खाली दुकान किंवा आजी-आजोबा, वर मुलगा-सून, त्याच्यावर शिकवणीचा वर्ग किंवा भाडेकरू. लिफ्ट नाही, मेंटेनन्स नावाला, दार उघडलं की चौक. दाटी म्हणाल तर माझ्या टॉवरहून फार कमी नसेल. आणि घर कुटुंबाबरोबर वाढलं, माझ्या मायवानच्या भिंती कधीच वाढणार नाहीत. असे प्लॉट पुन्हा आखले गेले पाहिजेत, पनवेल-कर्जतच्या बाजूला अजून जमीन आहे तोवर तरी. पण विक्रोळीत आज तो पर्याय नाही, आणि स्टेशनजवळच्या जमिनीवर चार मजले बांधून बाकीच्यांना कल्याणच्या पुढे पाठवणं हा न्याय नव्हे.

पाचपैकी साडेतीन. घराच्या बांधणीला चार, मापाच्या प्रामाणिकपणाला तीन, किमतीला अडीच, जागेला चार. चार माणसांचं कुटुंब असेल, दोघांची नोकरी मध्य रेल्वेवर असेल आणि हप्ता पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या आत बसत असेल तर घ्या. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर वन बीएचकेत दिवाण हॉलमध्येच येणार हे आधी त्यांच्याशी बोलून ठरवा. आमच्या सासूबाईंना हॉल आवडतो, कारण सगळं त्यांच्यासमोर घडतं. सगळ्यांना नाही आवडत. स्टुडिओ घेऊ नका. फुटाचा दर तोच किंवा जास्त असतो आणि मूल झालं की दोन वर्षांत विकायला काढावा लागतो, तेव्हा मुद्रांक शुल्क पुन्हा भरायचं.

मजला दहाच्या वर बघा. सॅम्पल फ्लॅटमधले पलंग मोजा, ते बहुतेकदा सहा फुटांना दोन-चार इंच कमी बनवलेले असतात, मी स्वतः मोजलेत. कॉलम कुठे येतात तो नकाशा मागा, विक्रीचा नको, मंजूर झालेला. आणि खिडकीतून आज जे मोकळं दिसतंय त्या बाजूच्या सोसायटीचा पुनर्विकास कुठवर आलाय ते तिथल्या वॉचमनला आणि वाण्याला विचारा. प्रकल्प नोंदलेला असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर त्याचे मंजूर नकाशे आणि मजले बघायला मिळतात. आमच्या शेजारचा टॉवर तिथे आधीच होता, म्हणून मी किचन त्या बाजूला येईल आणि हॉल उन्हाकडे राहील असा फ्लॅट निवडला.